वाडीतलं झाड, जत्रेतलं काश्मीर

१४ ऑक्टोबर १९९६, सोमवार. अहेरी

माझ्या हातानं झालेलं —

काश्मीर. शिकारा, चिनार, मागं बर्फाचे डोंगर. किती पडदे झाले, मोजदाद नाही.

ताजमहाल, चांदण्यातला. खाली पाण्यात उलटा ताजमहालही.

धबधबा, दोन हरणं, एक मोर.

प्लायवूडचं विमान. खिडक्यांना भोकं, त्यातून तोंडं बाहेर काढायची.

मोटारसायकल, तीही प्लायवूडची. हँडल मात्र खरं, भंगारातून आणलेलं.

वाघ. बांबूचा सांगाडा, आत भुसा, वर पोत्याचं कापड. पोरं त्याच्या पाठीवर बसतात. मिशा घोड्याच्या शेपटीच्या — झाडूच्या काड्या लावणारे दुसरे असतील, मी नाही.

हे सगळं कोणी शिकवलं नाही. चौथीनंतर शाळा नाही, उस्ताद तर नाहीच. कॅलेंडर समोर टांगलं, चौकडी आखली, काढत गेलो. आज चंद्रपूरचा मुजफ्फर फोटोवाला जत्रा-जत्रांत मांडव टाकतो, त्यात माझेच पडदे असतात. गडचिरोलीकडच्या किती घरांत नवरा-नवरीच्या फोटोत मागं माझं काश्मीर भिंतीवर आहे!

हे लिहून ठेवतो, कारण आज चंद्रपूरच्या डोळ्याच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं — काचबिंदू. मोतीबिंदू नव्हे, तो काढता येतो. हा आतली नस सुकवतो. कडेकडून नजर खात मधे येतो. जे गेलं ते परत येत नाही. थेंब घातले तर उरलेलं सावकाश जाईल.

कळलं ते मुजफ्फरमुळे. गेल्या महिन्यात ताजमहाल न्यायला आला. पडदा उलगडला. मग म्हणाला, "बशीरभाई, एक मिनार कुठी गेला?" मी म्हटलं, नीट पाहा. त्यानं माझा हात धरून कापडावर ठेवला. डावीकडचा मिनार नव्हता. मी काढलाच नव्हता. आणि नाही हे मला दिसलंही नव्हतं.

शिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा. दर वर्षी तिथं माझा एक नवा पडदा लागतो. तोवर डोळे पुरले पाहिजेत. बाकी काही मागणं नाही.

निघताना डॉक्टरीणबाई म्हणाली, "चिंता करू नका, चिंतेनं डोळ्यातला दाब वाढतो. चित्रं काढता ना? मग रोज सकाळी थोडा वेळ मजेखातर काढा. झाडं, पानं, समोर दिसेल ते. चुकलं तर चुकू द्या."

चुकू द्या! मला!

१५ ऑक्टोबर

थेंब. जळजळ. दिवसभर कशातच लक्ष नाही.

१८ ऑक्टोबर

बायकोनं, खातूननं, ऐकलं नाही. "बाईनं सांगतलं ना जी, मंग बसा." घरामागच्या वाडीत खाट टाकून दिली. समोर मोहाचं झाड. कागद, पेन्सिल, खोडरबर घेऊन बसलो.

झाल्यावर तिनं कागद हातात घेतला. "हे कोणतं झाड होय?"

"मोह."

"आपला?" तिनं झाडाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. "याच्यावर थोडा बरफ टाकून द्या. बरा दिसन."

चिनार झाला होता. हात आपोआपच तिकडे गेला. मी जन्मात चिनार पाहिला नाही. या मोहाला मात्र लग्न झाल्यापासून बकरी बांधतो.

२२ ऑक्टोबर

वाईट दिवस.

मोह जमेना म्हणून सागाचं रोपटं घेतलं, कुंपणाशी उगवलेलं. नीट पाहायचं ठरवलं. पाहिलं — सागाची पानं जोडीनं येतात. देठाच्या एका बाजूला एक, बरोबर समोर दुसरं. वरची जोडी खालच्या जोडीला आडवी. कुठंही बघा, हेच.

माझ्या सगळ्या जंगलांत साग आहे. सगळीकडे एक पान इकडे, एक पान तिकडे, एक वर, एक खाली. वर्षानुवर्षं. धबधब्याशेजारी, हरणांच्या मागं — सगळा साग चुकीचा. आणि मी दुसऱ्यांच्या वाघाच्या मिशांना हसतो.

बाजाराचा दिवस होता. बुधरी एटापल्लीकडून झाडू विकायला येते, आमच्या वाडीत ओझं उतरवून पाणी पिते. तिला विचारलं, तू मार्कंड्याला माझे पडदे पाहिलेस ना? साग चुकलेला दिसला नाही?

"दिसला ना, पेंटरभाऊ."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"मले वाटलं, तिकडच्या गावचा साग तसा राहत असन."

खातून तोंडाला पदर लावून आत गेली. तिचं हसणं चुलीपाशी ऐकू येत होतं.

२३ ऑक्टोबर

खातूननं सागाचा कोवळा शेंडा खुडून चुरगळला. बोटं लाल झाली, रक्तासारखी. त्याच बोटानं तिनं माझ्या कागदावर एक रेघ ओढली. "घ्या. तुमच्या पुड्यांपेक्षा बरा रंग हाये."

मी रंग घोटत आयुष्य घालवलं. लाल कुंपणावर उगवत होता.

३ नोव्हेंबर

आता रोज बसतो. मजा येत नाही. रेघ गेली की पुसतो, पुन्हा काढतो, पुन्हा पुसतो. पानाच्या कडा, शिरा, कीड पडलेली भोकं, सगळं जसंच्या तसं पाहिजे. कागद फाटेपर्यंत. डोकं दुखतं. याला आराम म्हणतात का?

५ नोव्हेंबर

खोडरबर सापडत नाही. खातूनला विचारलं. म्हणे, "पिठाच्या डब्यात हाये. खालतं. पीठ सरलं का भेटन."

काल पायलीभर दळून आणलं आहे.

९ नोव्हेंबर

खातूनचा खेळ. मी डोळे मिटायचे. ती टोपलीतून न पाहता एक पान उचलून हातात देणार. मी एका हातानं ते चाचपायचं आणि दुसऱ्यानं कागदावर काढायचं, हात न उचलता. मग तिनं कागद पाहून पान ओळखायचं. ओळखलं तर मी जिंकलो.

सीताफळ — ओळखलं नाही. साग — ओळखला, पण खरखरीत पान आहे, ते चोरून चाचपलं असेल. बोर — काटा लागला, मी शिवी दिली, त्यावरून ओळखलं.

चौथं पान काही कळेना. लांब, मऊ, थोडं ओलं. काढलं. डोळे उघडले तर बकरीचा कान! खातून खाटेवर आडवी पडून हसत होती. म्हणाली, "बरोबर काढला जी, कान वाटते."

मीही हसलो. तेवढा वेळ काचबिंदू आठवला नाही. आठवला नाही हे आठवलं, आणि परत आला.

नंतर बकरीनं तो कागद खाल्ला. स्वतःचं चित्र कोणी एवढ्या गोडीनं पाहिलं नसेल.

१० नोव्हेंबर

दिवाळी. शेजारच्या दिव्यांभोवती रंगीत गोल कडी दिसतात. सुंदर. डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं तेच हे.

२७ नोव्हेंबर

आज मोह जमला. अर्धाच, बुंधा आणि खालची फांदी. साल चौकोनी चौकोनी तडकलेली असते, वाळलेल्या तळ्यासारखी. फांदी आधी खाली झुकते, मग विचार बदलल्यासारखी वर जाते. कुठल्या कॅलेंडरावर असलं झाड नाही.

खातून काही न विचारता म्हणाली, "हा आपला."

१० डिसेंबर

चंद्रपूर. अंधारात डोकं अडकवून बसवतात, ठिपका दिसला की सांगायचं. मी बराच वेळ गप्प होतो. मला वाटलं, अजून सुरू केलं नाही.

दाब तेवढाच. नजर आणखी कमी झाली.

मी म्हटलं, बाई, तुम्ही सांगितलं तसं रोज करतो. पानं काढतो, खेळतो.

"बरं वाटतं का?"

"वाटतं."

"मग पुरे की."

पुरे कसं! मला बरं वाटायला नको आहे. मला डोळे पाहिजेत.

एसटीत खिडकीशी बसलो. बल्लारपूर गेलं, आष्टी गेली. खातून तिच्या बाजूचं सांगत होती — बगळे आले, नदी उतरली, पळस अजून हिरवाच हाये. मला समोरच्या सीटची कड दिसत होती.

८ जानेवारी १९९७

मुजफ्फर मांजरपाट घेऊन आला. दहा बाय बारा.

"काश्मीर करून द्या बशीरभाई. जुनं फाटून राह्यलं."

मी म्हटलं, नाही. नवीन करतो. मोह.

"कायचा मोह?"

वाडीत नेऊन दाखवला. त्यानं वर पाहिलं, बकरीकडे पाहिलं. "यात सीन कुठी हाये?"

"हाच सीन. पाहून काढलेला पडदा आजवर केला नाही. हा एक करतो, मग तू म्हणशील ते करू." मग करू! कोण करणार, आणि कशानं?

त्याला माझ्या डोळ्यांचं माहीत आहे. म्हणून नाही म्हणाला नाही. त्याचं ते नाही न म्हणणं मला आवडलं नाही.

१५ जानेवारी

रोजे सुरू आहेत. सकाळी अंग हलकं असतं तेव्हा काम. सरस आणि खडूचा हात दिला, कापड खणखणीत ताणलं. वाडीतच, झाडासमोर उभं केलं. सुतळीनं चौकडी मारली.

अडचण अशी — जवळ गेलो की मला वीतभरच दिसतं. मागं सरकलो की झाड दिसतं, पण रेघ दिसत नाही. तेव्हा खातून झाडाखाली बसून सांगते, "फांदी अजून खालतं. अजून. आता वर घ्या. वर म्हणतो ना जी मी!"

"'म्हणते' म्हण, बाई."

"फांदी काढा. माह्या चुका मंग काढजा."

२४ जानेवारी

बुंधा झाला. सालीवर मुंग्यांची रांग आहे, तीही घेतली. डाव्या अंगाला खातूननं हात लावून तपासलं. "हाये इथी, रिकामं नाई." आता दर संध्याकाळी ती कापडाच्या कडा अशा तपासते. मिनारासाठी.

१३ फेब्रुवारी

ईद झाली. पाहुणे झाले. पाहुणे पडद्यासमोर उभे राहून शिरखुर्मा पीत होते. एकानं विचारलं, "हे सुकायला ठेवलं का?"

आज पाहिलं तर झाडाची पानं पिवळी झाली आहेत. माझ्या पडद्यावर हिरवी.

१७ फेब्रुवारी

पिवळी केली.

२० फेब्रुवारी

आता झडत आहेत. रोज सकाळी वाडीभर. वरची फांदी उघडी पडली. जे नाही ते पडद्यावर ठेवू? आभाळाचा रंग घेऊन पानं पुसत बसलो.

खातून चिडली. "झाड तुमच्यासाठी थांबन का? एका दिवसाचं धरा अन् सोडा ना जी."

"कोणत्या दिवसाचं?"

"चांगल्या."

चांगल्या दिवसाचं झाड मी नीट पाहिलं नाही. तेव्हा चिनार काढत होतो. आता दिसतं आहे तेवढंच खरं.

२६ फेब्रुवारी

खेळ बंद आहेत. ती पान हातात देते, मी खाली ठेवतो. वेळ नाही. बुंध्यापलीकडे बकरी घेतली. तिचा कान बिनचूक आला — तो मला माहीत आहे.

२ मार्च

संपला. मोह, जवळजवळ निष्पर्ण. फांद्यांच्या टोकांना तांबूस कळ्यांचे झुबके. खाली वाळलेली पानं, प्रत्येकाची सावली योग्य बाजूला. एक बकरी. आभाळ, दुसरं काही नाही.

आयुष्यात एवढं बरोबर काम केलं नव्हतं. उजव्या कोपऱ्यात सही केली. हे पहिलं माझं आहे. बाकी सगळी कॅलेंडरांची.

मुजफ्फर न्यायला आला. वाकून पाहिलं. "बशीरभाई — झाड मेलं काय?"

"फुलायला आलं आहे."

"लोकायले कसं समजन?"

लोकांना मोह कळत नाही म्हणतो! या मुलखात!

७ मार्च, शुक्रवार. मार्कंडा

शिवरात्र. वैनगंगेच्या पात्रापर्यंत माणसं. मी मांडवात मुजफ्फरच्या खुर्चीजवळ बसलो. धुळीत आणि गर्दीत मला काही दिसत नाही, पण ऐकू येतं. ऐकलं तसं लिहितो.

पहिलं जोडपं. नवीन लग्न असावं, बांगड्या वाजत होत्या. तो म्हणाला, "हे काय जी? मोह?"

"हो. नवीन सीन."

"आमच्या घरामागं हाच हाये. फुकट." मग तिला, "तू काय म्हणतेस?"

ती हळूच म्हणाली, "बरफवाला नाई का?"

दुसरे, बाप आणि तीन पोरी. पोरी विमानाला चिकटल्या.

तिसरी एक म्हातारी. "बाप्पा, सकाळी उठून मोहफूल वेचतो, अन् जत्रंत येऊन पैसे देऊन मोहाखालीच उभं राहू? मले काश्मीर दाखव."

सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं. म्हातारीचं काय चुकलं? लोक जत्रेत येतात ते घरामागचं पाहायला नाही. मी जन्मभर हेच ओळखून पडदे केले. शेवटच्या पडद्याला विसरलो.

दुपारच्या आत मुजफ्फरनं फाटकं काश्मीर बाहेर काढलं. फाटलं त्या जागी विमान टेकवलं. मांडवासमोर रांग लागली.

मोह मागं बांधला. ऊन आत येत होतं, तिकडून.

८ मार्च

खातून मांडवाच्या मागं जाऊन आली. म्हणाली, "एक बुढा तुमच्या झाडाखाली गठोडं ठेवून पाय पसरून बसला हाये."

मला बरं वाटावं म्हणून सांगत होती. मी म्हटलं, मागच्या बाजूला दुसरं काय आहे? टेकायला कापड मिळालं, टेकला.

"झाडाकडे पाहून बसला हाये," ती म्हणाली. "टेकून नाई."

मी गेलो नाही. गेलो असतो तरी काय दिसणार होतं!

१२ मार्च. अहेरी

पडदा परत आणला. कोपऱ्याला चहा सांडला आहे, सहीवर. नदीवर नेऊन धुऊन टाकावा म्हणतो. चांगलं कापड आहे.

१३ मार्च

खातूननं पिठात हात घालून खोडरबर काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "घ्या. पुसा."

मी घेतला नाही.

१६ मार्च

पडदा वाडीत जुन्याच जागी बांधला, तिनंच. समोर झाड, इकडे झाड. मधे आमची खाट.

२३ मार्च

मोह फुलला. पहाटेपासून टपटप चालू आहे. दिसत नाही, वास येतो. पायाखाली फूल आलं की कळतं.

ती म्हणाली, "बसता का?" डोळे मिटावे लागले नाहीत फारसे. तिनं हातात काहीतरी ठेवलं — गुबगुबीत, गार, बोटाच्या पेराएवढं. काढलं, हात न उचलता.

"काय होय?" मी विचारलं.

तिनं कागद घेतला. "नाई ओळखू आलं जी," ती म्हणाली.

म्हणजे हरलो. तरी आणखी एक काढलं. आणि आणखी एक. पुसलं नाही.

३० मार्च

चंद्रपूरची तारीख होती. गेलो नाही. जे सांगतील ते मला माहीत आहे.

२ एप्रिल

मुजफ्फर येऊन गेला. म्हणाला, "बशीरभाई, काश्मीरले तुमाले डोळे कायले पाहिजे? हजारदा काढलं. झोपीतही काढसान." तो चहा पीत होता तेवढ्यात मी डोळ्यांवर दुपट्टा बांधला आणि वाडीच्या भिंतीवर कोळशानं ओढलं — शिकारा, चिनार, तीन डोंगर. खातूननं पाहिलं. "सगळं जागच्या जागी हाये," ती म्हणाली. डावीकडचं टोकसुद्धा.

म्हणजे काम गेलेलं नाही. पूर्ण आंधळा झालो तरी जाणार नाही. मुजफ्फरचं म्हणणं एवढंच — पहिलं काश्मीर या मोहाच्या पडद्यावरच करा, वरून पांढरा हात मारून. नवं कापड कशाला? मग दर शिवरात्रीला एक काश्मीर, हात चालेल तोवर.

वर्षाला सात हजार देतो म्हणाला. नाही म्हटलं.